आधी पाट, मग ओव्हन

धायरीतल्या पर्णकुंज सहकारी गृहरचना संस्थेच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, परांडे कुटुंबाच्या स्वयंपाकघरात नऊ ऑगस्ट रोजी एक विद्युत ओव्हन दाखल झाला. ओट्यावर ठेवायचा किरकोळ डबा नव्हे. भिंतीतल्या कपाटात कायमचा बसवायचा, काळ्या काचेच्या दाराचा, दोन माणसांनी उचलून आणावा लागणारा. आणि ही हौस घरातल्या तरुण पिढीची असेल असं कुणाला वाटलं असेल, तर ते साफ चूक. हौस सासूबाईंची होती.

वेणूबाई परांडे, वय चौऱ्याहत्तर. पन्नास वर्षं त्यांनी नानकटाईचं पीठ घरी मळलं, ट्रेमध्ये मांडलं आणि भाजायला बेकरीत नेलं. दर वेळी जाताना ट्रेमध्ये चौसष्ट असायच्या आणि येताना साठ. बेकरीवाल्याला विचारलं की तो म्हणायचा, "आजी, भट्टीत आटतात." पन्नास वर्षं आटलेल्या नानकटाया वेणूबाईंच्या मनात साठून राहिल्या होत्या. "मरायच्या आधी एकदा माझ्या घरात भाजायच्यात मला," त्या म्हणाल्या, "आणि मोजून चौसष्ट बाहेर काढायच्यात." वाक्यात मरण आल्यामुळे घरात कुणी हरकत घेतली नाही.

सून नम्रता हडपसरच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासनीस होती. तशी गुणी मुलगी, पण तिच्यात एक दोष होता आणि तो लग्न ठरताना कुणाच्या लक्षात आला नव्हता. ती वस्तूबरोबर आलेली माहितीपुस्तिका वाचत असे. चित्रं बघून सोडून देत नसे. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, पेन्सिलीने खुणा करत वाचत असे. पुस्तिकेत लिहिलं होतं, की या ओव्हनसाठी मुख्य बोर्डापासून स्वतंत्र लाइन ओढावी, वायर जाड तांब्याची असावी, फ्यूजच्या जागचा एमसीबी वेगळा असावा, स्विच ओव्हनच्या मागे न दडवता हाताशी असावा, आणि अर्थिंग नसेल तर ओव्हन सुरू करू नये. हे शेवटचं वाक्य चौकटीत होतं.

"अगं, मिक्सरच्या पॉइंटला लाव ना," नवरा सुदर्शन म्हणाला. "सगळे तसंच करतात."

"सगळे म्हणजे कोण?"

"सगळे."

'सगळे' ही पुण्यातली सर्वोच्च तांत्रिक संस्था आहे. तिचं कार्यालय कुठे आहे ते माहीत नाही, पण तिचा अहवाल प्रत्येक घरात येतो. नम्रताने तो फेटाळला आणि भैरूला बोलावलं.

भैरू धायरी गावातलाच, पन्नाशीचा, कमी बोलणारा वायरमन. त्याने माहितीपुस्तिका हातात घेतली, डोळ्यांपासून लांब धरून पाहिली आणि म्हणाला, "ताई, हे असं करून मागणारं गिऱ्हाईक मला पयल्यांदाच भेटलं." मग दोन दिवस खपून त्याने काम केलं, आणि ते खरोखर देखणं केलं. वायर चार एमएमची, एमसीबी स्वतंत्र, झटका बसलाच तर क्षणात वीज तोडणारा आरसीसीबी, स्विच वेणूबाईंचा हात पोचेल अशा उंचीवर. शेवटी त्याने पिशवीतून दोन वायरी लोंबणारा एक साधा बल्ब काढला. लाल आणि काळ्या वायरीला लावल्यावर बल्ब भक्कन पेटला. लाल आणि हिरव्या वायरीला लावल्यावर तो ढिम्म राहिला. भैरूने तीनदा लावून पाहिला.

"ताई, आर्थिंगच न्हाई."

"अहो, हिरवी वायर तर दिसतेय!"

"वायर हाय. पर ती कुटं जात न्हाई."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हिरव्या वायरीला आयुष्यात एकच काम असतं. यंत्राच्या पत्र्यात चुकून वीज उतरली, तर ती माणसाच्या अंगातून जाण्याआधी निमूटपणे जमिनीत नेऊन सोडायची. पर्णकुंजच्या बत्तीस फ्लॅटांच्या बत्तीस हिरव्या वायरी खाली मीटररूममध्ये एका लोखंडी पट्टीला छान बांधलेल्या होत्या. पट्टी भिंतीतून बाहेर पडत होती. आणि बाहेर पडल्यावर संपत होती.

"आर्थिंगचा खड्डा मीच खणला व्हता, बिल्डरच्या टायमाला," भैरू म्हणाला. "कोळसा, मीठ, पाइप, समदं घातलं व्हतं. मग तुमच्या सोसायटीनं तिथं म्हाताऱ्या लोकांसाठी कट्टा बांधला. पट्टी मधी येत व्हती, म्हून कापली."

"तुम्ही सांगितलं नाहीत कुणाला?"

"इचारलं न्हाई कुणी." भैरूने बल्ब पिशवीत ठेवला. "सुरू करू नका, ताई. करायचाच झाला तर चपला घालून करा."

दुसऱ्या दिवशी कंपनीचा तंत्रज्ञ प्रज्ञेश आला. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल. वायरिंग करणं त्याच्या कक्षेत येत नव्हतं. ते सुरक्षित आहे असं जाहीर करणं तेवढं येत होतं. नम्रताने अर्थिंगचं सांगितल्यावर तो अजिबात दचकला नाही.

"नो इश्यू, मॅम. ॲपला अर्थिंगच्या रीडिंगचा फोटो लागतो. माझ्याकडे आहे."

"आमच्या घराचा?"

"नाही, एका बंगल्याचा. खूप छान रीडिंग आहे, मॅम. मी सगळीकडे तोच टाकतो. परवा वाघोलीला टाकला, लगेच अप्रूव्ह झाला."

"अहो, पण वीज आमच्या घरातली आहे ना!"

"मॅम, फोटो टाकला नाही तर वॉरंटी सुरू होत नाही," प्रज्ञेश समजुतीच्या सुरात म्हणाला. "आणि वॉरंटी नसेल तर ते सेफ नाही." नम्रता पुढे काही बोलेपर्यंत ओव्हनच्या दारावर 'सुरक्षित' असं हिरवं स्टिकर चिकटलं होतं आणि प्रज्ञेश पाच तारांकित अभिप्रायाची विनंती करून लिफ्टमध्ये शिरला होता.

त्या स्टिकरने घात केला. नम्रता ऑफिसच्या फोनवर होती. वेणूबाईंनी स्टिकर वाचलं, स्विच दाबला, ओले हात पदराला पुसल्यासारखे केले, चौसष्ट गोळे मांडलेला ट्रे उचलला आणि अनवाणी पायांनी पुढे होऊन ओव्हनचं दार धरलं.

"अगंबाई!"

ट्रे जमिनीवर आपटल्याचा आवाज आला तसा नम्रताने फोन टाकला आणि ती धावली. आरसीसीबीने वीज तोडली होती, तरी तिने आधी स्विच बंद केला, मग सासूबाईंचा हात दोन्ही हातांत धरला. वेणूबाई उभ्या होत्या, शुद्धीत होत्या. "काही नाही गं, मुंग्या आल्या नुसत्या," त्या म्हणाल्या आणि खाली पसरलेल्या पिठाकडे बघत राहिल्या. नम्रताला मात्र रडू फुटलं. लग्नाला बारा वर्षं झाली, दोघींचं अनेकदा वाजलं, पण ही बाई आपल्याला हवी आहे आणि धडधाकट हवी आहे, हे तिला त्या क्षणी अगदी स्पष्ट कळलं.

संध्याकाळी सुदर्शनने तोडगा काढला. "आई, तू चप्पल घालत जा ना ओव्हन वापरताना. रबरी."

"देवापुढे?" वेणूबाई म्हणाल्या.

देव्हारा ओव्हनच्या शेजारच्याच कोनाड्यात होता. एवढ्या एका शब्दात विषय संपला. वेणूबाई स्वयंपाकघरात उभ्या आयुष्यात चप्पल घालून शिरल्या नव्हत्या आणि आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी एका यंत्रासाठी शिरणार नव्हत्या. म्हणजे आता एक तर इमारतीची पट्टी जोडायची, नाहीतर ओव्हन कायमचा बंद ठेवायचा. नम्रताने पट्टी जोडून घ्यायचं ठरवलं आणि ती संस्थेचे सचिव तात्याराव यांच्याकडे गेली.

तात्याराव सरकारी नोकरीतून निवृत्त झाले होते, पण नोकरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. त्यांनी नम्रताला बसा म्हटलं नाही. ऐकतो आहे असं दाखवलं.

"काका, आपल्या इमारतीला अर्थिंग नाही."

"आहे."

"भैरूने तपासलं. बल्ब पेटला नाही."

"बल्ब गेला असेल."

"काळ्या वायरीवर पेटतो."

"मग वीज आहे. आपली तक्रार काय आहे?"

तात्याराव तिला लॉबीत घेऊन गेले. तिथे काचेच्या चौकटीत संस्थेचं विद्युत सुरक्षा प्रमाणपत्र होतं आणि त्याला हार घातलेला होता. बोट ठेवून त्यांनी वाचून दाखवलं, "अर्थिंग : समाधानकारक."

"काका, पण पट्टी कट्ट्याखाली कापली आहे. जोडायची तर कट्टा थोडा फोडावा लागेल."

"कट्टा?" तात्यारावांनी चष्मा काढला. ज्येष्ठ नागरिक कट्टा ही पर्णकुंजची एकमेव पूर्ण झालेली योजना होती. रोज संध्याकाळी सात ज्येष्ठ तिथे बसत आणि देशातल्या पायाभूत सुविधांच्या दुरवस्थेवर चर्चा करत. "पट्टी कापली तेव्हा आपण लेखी हरकत घेतली होती?"

"अहो, आम्ही तेव्हा इथे राहतही नव्हतो."

"म्हणजे हरकत नव्हती," तात्याराव म्हणाले. "तरीही आपला आग्रहच असेल तर अर्ज द्या. तीन प्रतींत."

नम्रताने अर्ज दिला, स्मरणपत्र दिलं, स्मरणपत्राचं स्मरणपत्र दिलं. तोवर तिने ओव्हनचा एमसीबी पाडून त्यावर चिकटपट्टी लावली होती. सकाळी वेणूबाई ओव्हनची काच पुसत आणि आत डोकावून बघत. ते बघवत नसे नम्रताला. शेवटी सप्टेंबरच्या अखेरीस विशेष सर्वसाधारण सभा लागली. गणसंख्येअभावी ती नियमाप्रमाणे तहकूब झाली आणि अर्ध्या तासाने त्याच खुर्च्यांवर, त्याच माणसांची, नियमाप्रमाणे भरली.

नम्रता उभी राहिली आणि तिने सगळं नीट सांगितलं. हिरवी वायर, कापलेली पट्टी, आईंना बसलेला झटका. लोक हादरले, असं नम्रताला वाटलं. मग तीनशे दोनचे गृहस्थ उठले.

"झटका आमच्याकडेही बसतो," ते म्हणाले. "पण आम्ही त्याचं भांडवल करत नाही. गीझर बंद करतो, मग नळाखाली बसतो. साधी गोष्ट आहे."

"आमची वॉशिंग मशीन मी लाटण्याने सुरू करते," एकशे चारच्या बाई म्हणाल्या. "पोळ्यांचं लाटणं वेगळं ठेवलंय हं!"

मग जो तो उठू लागला. कुणी टीव्हीची पिन लोकरीचा हातमोजा घालून काढत होतं. कुणी इस्त्री करताना पाय खुर्चीवर घेत होतं. दोनशे एकच्या निवृत्त प्राध्यापकांच्या मते घरात थोडा करंट असावा, रक्ताभिसरण बरं राहतं. बत्तीस घरांनी अकरा वर्षांत बत्तीस युक्त्या शोधल्या होत्या, त्या सुना-लेकींना शिकवल्या होत्या, आणि आज पहिल्यांदाच त्या चारचौघांत सांगायला मिळत होत्या. सभेला रंग चढला. लोक एकमेकांच्या युक्त्या लिहून घेऊ लागले.

"पण हे सगळं का करावं लागतंय, तेच तर मी सांगतेय!" नम्रता जवळजवळ ओरडली. "एक पट्टी जोडली की संपलं!"

"ताई, अकरा वर्षांत विजेने कुणी गेलंय का?" तात्यारावांनी विचारलं. "जे गेले ते वयाने गेले. आणि गेले तोवर कट्ट्यावर बसत होते." यावर टाळ्या पडल्या.

ठराव क्रमांक सात एकमताने संमत झाला. त्यानुसार कट्ट्याला हात लावण्यात येणार नव्हता; मात्र रहिवाशांच्या जीविताबद्दल संस्थेला अतीव कळकळ असल्यामुळे सर्व युक्त्यांचं संकलन करून एक आचारसंहिता काढण्यात येणार होती. त्यासाठी पाद-सुरक्षा उपसमिती नेमली गेली आणि विषयाची आवड दिसते म्हणून अध्यक्षपद नम्रताला देण्यात आलं. तिने पट्टीचा विषय उपसमितीत आणायचा प्रयत्न केला, तेव्हा तात्यारावांनी कार्यकक्षा वाचून दाखवली. उपसमितीचा अधिकार जमिनीपासून वर होता. जमिनीखालचा विषय कट्टा समितीकडे होता, आणि कट्टा समिती कट्टा झाल्यावर बरखास्त झाली होती.

खरं तर नम्रताने राजीनामा द्यायला हवा होता. ती तो लिहायला बसलीही. पण तपासनीसाचा हात मोठा वाईट. समोर मसुदा आला की तो सुधारल्याशिवाय राहवत नाही. आचारसंहितेचा मसुदा ढिसाळ होता. चपलेच्या तळव्याची जाडी दिली नव्हती, ओल्या चपलेचा उल्लेखच नव्हता. तिने दुरुस्त्या केल्या. आणि मग कलम चार तिने स्वतःच्या हाताने लिहिलं : 'धार्मिक वा अन्य कारणास्तव अनवाणी राहणाऱ्या व्यक्तीने कोरड्या लाकडी पाटावर उभे राहूनच विद्युत उपकरणास स्पर्श करावा. पाटास पितळी फुले अथवा खिळे नसावेत.'

लिहिताना तिला एवढंच दिसत होतं, की काच पुसून आत डोकावणारी एक म्हातारी बाई आहे आणि दिवाळी तीन आठवड्यांवर आली आहे. भैरूला विचारलं तर तो मान हलवत म्हणाला, "आरसीसीबी हाय, पाट हाय, झटका बसायचा न्हाई म्हना. पर ताई, हे काय खरं न्हाई." तेही नम्रताला पटत होतं.

चिकटपट्टी निघाली. वेणूबाई पाटावर चढल्या. देवालाही पाट आणि आपल्यालाही पाट, यात त्यांना काहीच वावगं वाटलं नाही. उलट जरा मानच वाटला. पंचवीस मिनिटांनी घरभर तूप-वेलदोड्याचा वास सुटला, सुदर्शन दोन मिटिंगा सोडून आत येऊन उभा राहिला, आणि वेणूबाईंनी ट्रे ओट्यावर ठेवून एकेक बोट लावत मोजलं. चौसष्ट. त्यांनी पुन्हा मोजलं आणि डोळ्यांना पदर लावला. "आटत नाहीत गं भट्टीत," त्या म्हणाल्या. "मेला पन्नास वर्षं खोटं बोलला." नम्रता हसली, आणि हसताना तिला जाणवलं की गेल्या दोन महिन्यांत आपण पहिल्यांदाच हसतोय.

जानेवारीत सुरक्षा प्रमाणपत्राच्या नूतनीकरणासाठी एका खाजगी संस्थेचे परीक्षक आले. मीटररूम बंद होती आणि किल्ली तात्यारावांच्या पुतण्याकडे लोणावळ्याला होती, त्यामुळे परीक्षण परांडे यांच्या दिवाणखान्यात, चहाबरोबर झालं. परीक्षकांनी छापील तक्ता काढला. एका रकान्यापाशी ते थांबले.

"उपसमितीच्या अध्यक्षा आपणच ना? अर्थिंग आहे की नाही, एवढं लिहा आणि खाली सही करा."

नम्रताने पेन घेतलं. 'नाही' लिहायला एक सेकंद लागला असता. मग इमारतीचं प्रमाणपत्र अडलं असतं, तात्यारावांची नोटीस आली असती, एकतीस घरांनी जिन्यात बोलणं टाकलं असतं, आणि पहिल्यांदा बंद झाला असता तो हाच ओव्हन. आतून वेणूबाईंचा आवाज येत होता. भजनी मंडळासाठी तिसरा ट्रे लावणं चाललं होतं. यांच्याच जिवासाठी आपण हे सगळं सुरू केलं, आणि आता यांच्याच आनंदासाठी खोटं लिहायचं? नम्रताला स्वतःची लाज वाटली. अगदी मनापासून वाटली. मग तिने लिहिलं, 'आहे (कट्ट्याखाली).'

"कंसातलं काढा," परीक्षक नानकटाई खात म्हणाले. "रकान्यात मावत नाही."

नम्रताने कंसातलं काढलं.

आज लॉबीत नवं प्रमाणपत्र आहे, नवा हार आहे आणि खाली नम्रताची सुबक सही आहे. आचारसंहिता इतकी गाजली की शेजारच्या दोन सोसायट्यांनी तिची प्रत मागून नेली. त्यांच्याकडे अर्थिंग आहे, पण शिस्त नाही. मागच्या आठवड्यात दोनशे तीनमध्ये लग्न होऊन आलेली राधा वेणूबाईंकडे नानकटाई शिकायला आली. तिने ओव्हनच्या दाराला हात घातला तशी वेणूबाईंनी तिला मागे ओढलं.

"थांब. आधी पाट, मग ओव्हन."

"पाट कशाला, आजी?"

वेणूबाई विचारात पडल्या. "पद्धत आहे आपल्याकडे," त्या म्हणाल्या. राधाने मान डोलावली, पाटावर चढण्याआधी त्याला वाकून नमस्कार केला आणि पदर खोचला. दारात उभ्या असलेल्या नम्रताने हे ऐकलं. खरं कारण सांगावंसं वाटलं तिला. पण राधा इतकी मनोभावे पाटावर उभी राहिली होती की नम्रताने विषय काढला नाही, आणि ती पीठ चाळायला घेऊन बसली.

आपण हसलात, हे बरं झालं. पर्णकुंजची माणसं आहेतच हसण्यासारखी. आता हसून झालं असेल तर जरा आपल्या स्वयंपाकघरात जाऊन या. फ्रिजच्या पुढ्यात रबराची एक चटई असेल. ती कुणी आणली, कधी आणली, आठवतंय? शोभेसाठी आहे म्हणता? असेल, असेल. ती बाजूला करून, अनवाणी पायांनी, ओल्या हाताने फ्रिज उघडून बघा, असं मात्र आम्ही मुळीच म्हणणार नाही. व्यंगकथेला वाचक आधीच कमी असतात. आहेत ते जपून वापरावे लागतात.